बाहेरून शून्य, आत मुलाखत

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. सगळी नोकरी हिशेब तपासण्यात काढली. बेरीज जुळली नाही की चूक शोधायची, एवढंच मला येतं. ही मात्र सापडत नाहीये...

आम्ही ग्वाल्हेरला किला गेटजवळ राहतो. त्या मंगळवारी दुपारी घरात तिघंच — मी, बायको आणि मुलगी मृण्मयी. पुण्याच्या एका कंपनीत तिची व्हिडिओवर मुलाखत होती. दीड वर्ष नोकरीविना घरी बसलेली पोरगी, म्हणून मी राउटरच्या सेटिंग वाचून काढल्या. बाहेरून येणाऱ्या डेटाचे त्यात वर्ग पाडता येतात. गर्दी झाली की वरचा वर्ग आधी आत येतो. व्हिडिओ कॉल पहिल्या वर्गात टाकला, टीव्ही शेवटच्या. लॅपटॉप वायरने राउटरला जोडला. मृण्मयीचा मोबाइल बंद करून माझ्या खिशात.

मुलाखत सुरू झाली आणि बायकोने इंटरनेटवरचा टीव्ही लावला; तो पुढे सरकेना.

"अहो, माझी सिरियल अटकली."

"तू शेवटच्या वर्गात आहेस. बस जरा."

"लग्न झाल्यापासून तिथेच आहे मी."

मी खूश — सेटिंग लागू पडली होती! दाराआडून एका बाईंचे प्रश्न ऐकू येत होते, मृण्मयीची उत्तरंही.

संध्याकाळी मृण्मयीच्या मोबाइलवर कंपनीचा मेल आला : आपण मुलाखतीला हजर राहिला नाहीत.

"बाबा, मैं झूठ बोल रही हूँ क्या? तुम्ही ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. तेवढ्यात इंटरनेटचा केबलवाला आला. "अंकल, खुदाई में सुबह ही कट गया था. पूरी गली बंद है." त्याने तुटलेली तार दाखवली. मी राउटरचं पान उघडलं. बाहेरून आलेला एकूण डेटा, सकाळपासून शून्य. पहिल्या वर्गात मात्र अर्ध्या तासाच्या कॉलएवढा जमा. एकूण शून्य, आणि त्याचा एक भाग एवढा मोठा?

तार तुटल्याचं कळवल्यावर कंपनीने गुरुवारी पुन्हा बोलावलं. तोपर्यंत तार जोडली गेली होती. मी दाराआड उभा. तोच आवाज, तेच प्रश्न, त्याच क्रमाने. मृण्मयी मध्येच थांबली.

"मॅडम, हे प्रश्न मला मंगळवारी विचारून झालेत. न सांगता उत्तरं देणं बरोबर नाही."

बाई म्हणाल्या, "कसं शक्य आहे? मी ते आज सकाळी लिहिलेत."

त्यांनी दुसरे प्रश्न विचारले. मृण्मयी थोडी अडखळली, पण नोकरी मिळाली. सोमवारपासून ती त्याच बाईंच्या हाताखाली काम करेल. मंगळवारी तिच्याशी कोण बोललं, ते त्यांनाही ठाऊक नाही आणि मलाही.