काळ्या वाळूचा राखणदार

जलशुद्धीकरण केंद्रातले फिल्टरवाले काका सव्वीस वर्षं वाळू राखत होते. विहिरीच्या पाण्यात लोह आणि मँगनीज फार. वाळूला चिकटून राहणारे जंतू ते धातू धरून ठेवत आणि गावाला नितळ पाणी मिळे. या जंतूंना ना पगार, ना रजा. त्यामुळे ते आहेत हे कार्यालयात कुणाच्या गावीही नव्हतं. काकांचंही तसंच.

"घरच्या माणसाची विचारपूस नाही," बायको म्हणे, "आणि तिकडे जंतूंची बडदास्त."

मग नवे साहेब आले. वरून पाहणीला मंडळी येणार म्हणून त्यांनी टाकीत डोकावलं आणि नाकाला रुमाल लावला.

"वाळू काळी कशी?"

"मँगनीज बसलंय, साहेब. जंतूंचं काम."

"पिण्याच्या पाण्यात जंतू? आणि हे कौतुकानं सांगताय?"

"चांगले जंतू आहेत. अशी वाळू पिकायला महिने लागतात."

"वाळू पिकते?" साहेब हसले. बरोबरचे दोघेही हसले. दोघांचीही बढती अडली होती.

दोन्ही टाक्या वाळूसकट क्लोरीननं घासून धुण्याचा हुकूम निघाला. काकांनी एक धुतली. दुसरीचा व्हॉल्व्ह गंजलाय, असं ते साहेबांच्या तोंडावर खोटं बोलले आणि घरी येऊन दोन घास कमी जेवले.

पांढऱ्याशुभ्र वाळूचे फोटो निघाले, शाबासकी मिळाली. चौथ्या दिवशी नळांना चहाच्या रंगाचं पाणी आलं. साहेबांचे सदरेही धुऊन तांबूस झाले, तेव्हा प्रकरण गंभीर ठरलं. समिती बसली. समितीनं काकांनाच नोटीस दिली: धोक्याची पूर्वसूचना लेखी का दिली नाही?

नोटीस खिशात घालून काका कामाला लागले. दुसऱ्या टाकीतली काळी वाळू घमेल्यानं काढून पहिलीत पसरली, पाण्याचा वेग निम्म्यावर आणला आणि रोज नमुना तपासत राहिले. पाणी निवळायला सव्वादोन महिने लागले.

पुढे साहेबांचा सत्कार झाला. 'जंतू: आपले मित्र' या विषयावर ते पाऊण तास बोलले. काका शेवटच्या रांगेत बसले होते. 'वाळू आठवड्यात पिकते,' ही भाषणातली एकच चूक होती, पण हात वर करायचं त्यांनी टाळलं.

घरी बायकोनं पेला भरून पाणी दिलं, स्वतःही प्यायली.

"आता बरं लागतंय," ती म्हणाली.

काकांनी पेला रिकामा केला. त्या दिवशी मात्र पोटभर जेवले.