मोतीचं वय

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. घरी नाही, होस्टेलवर नाही, आईजवळही नाही. दोनदा तोंडाशी आली होती – आणि दोन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी बोललो. आता लिहायला बसलोय, पण सुरुवात कुठून करावी हे अजून नीट ठरत नाही. कुत्र्यांपासून करतो.

मला एक कोडं फार दिवस पडलं होतं. हत्ती उंदरापेक्षा कितीतरी जास्त जगतो. घोडा सशापेक्षा जास्त. म्हणजे मोठं अंग, मोठं आयुष्य – बरोबर ना? मग कुत्र्यांमध्येच हे उलटं का? मांडीवर मावणारं पामेरियन चौदा-पंधरा वर्षं सहज काढतं, आणि वासराएवढा ग्रेट डेन आठ-नऊ वर्षांत संपतो. एकच प्राणी, एकच रक्त, मग असं का?

हे मला कळलं शिरूरच्या कॉलेजात, एफ. वाय. बी. एस्सी.ला असताना. निमोण्याहून एसटीने जायचो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. लायब्ररीत कुत्रे पाळण्यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. डिक्शनरी शेजारी ठेवून मी ते वाचायचो, अर्धं कळायचं, अर्ध्याचा अंदाज करायचो. शेवटी एक तक्ता होता – जात आणि तिचं साधारण आयुष्य. अल्सेशियन दहा ते बारा. लॅब्राडोर त्याहून थोडं जास्त. डॉबरमन दहाच्या आसपास. एखाद्या जिवाचं आयुष्य असं ओळीत लिहिलेलं असतं, हेच मला नवीन होतं. त्या दिवशी एसटी कधी निमोण्यात आली ते कळलंही नाही.

मग मी कुत्र्यांची वयं मोजत सुटलो. शिरूरच्या एका डॉक्टरांकडे पामेरियन होतं, त्याचा वाढदिवस साजरा व्हायचा. तिथं वय विचारलं की तारखेसकट उत्तर यायचं. आमच्याकडं मात्र वेगळंच. "तुमचा वाघ्या किती वर्षांचा?" असं एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "बांध फुटला त्या साली व्हता की." कुठला बांध, कुठलं साल? आणि वर हसून, "का रं, त्याचं लगीन लावतूस काय?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. आता शेती करतो, पण काही सवयी राहिल्यात. आमच्याकडं कुत्रं मेलं तरी नाव बदलत नाही. मोती मेला की पुढचं पिल्लू मोतीच. रानात हाक मारायची जीभ तीच, मेंढरांच्या कानालाही तीच हाक, नवीन नाव कशाला? त्यामुळं वय विचारलं की लोक त्या कुत्र्याचं सांगतात की नावाचं, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. आमच्याच घरातला वाघ्या माझ्या आठवणीतला तिसरा होता. म्हणजे हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा – मला माहीत होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी राहूला मामांकडं गेलो. मामांनी मेंढरं विकून ऊस धरला त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या दारात मोती होता – अंगानं थोर, मानेवर दाट केस, चार माणसांत उठून दिसणारा. एरवी मी दिसलो की अंगावर झेप घ्यायचा. या वेळी गोठ्याच्या भिंतीला टेकून पडला होता. नुसती शेपटी हलवली, तीही एकदाच.

मामा ओट्यावर शेजारच्या तात्यांबरोबर चहा घेत होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. "आला आमचा मास्तर! दत्ता, बघ रं, मोती दोन दिस झालं भाकरीला तोंड लावंना. तुझ्या पुस्तकात काय म्हंत्यात?"

मी विचारलं, "किती वर्षांचा आहे?"

"आरं, मेंढरं इकली त्याच्या आदीपसनं हाय."

मेंढरं विकली तेव्हा मी तिसरीत होतो. मी मनात हिशेब केला. दहा तरी झाली, कदाचित जास्तच. त्या तक्त्यात आमच्या कुत्र्यांची जात नव्हतीच. मी अंगावरून त्याला अल्सेशियनच्या ओळीत बसवलं. आणि मग मी बोललो. अगदी कॉलेजातल्या सरांसारखं, हात मागं बांधून – म्हणालो, एवढ्या अंगाच्या कुत्र्याचं आयुष्यच दहा-अकरा वर्षं असतं मामा, हा आजार नाही, वय आहे.

तात्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "घ्या! आन् आमी म्हंतो नजर लागली. कालेजचं पानी हाय बाबा." मामांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं – तसं मला त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. ते मला फार आवडलं. हेही सांगून टाकतो.

थोड्या वेळानं मामी वाटीत ताक घेऊन आल्या. मोतीचा जबडा मी उघडून धरायचा आणि त्यांनी ताक ओतायचं. मी ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या, अंगात रक्तच नसल्यासारख्या. आणि दात – दात स्वच्छ, पांढरे. समोरच्या बारक्या दातांना वरून तीन-तीन टोकं असतात. तरुणपणी ती दिसतात, नंतर झिजत सपाट होतात. हे त्याच पुस्तकात, चित्रासकट, मी वाचलं होतं. मोतीच्या दातांची टोकं शाबूत होती. कानात बोट घातलं तर गोचिडांचे घोसच्या घोस.

मामी हळूच म्हणाल्या, "दत्ता, ह्यो त्यो मोती न्हाई रं. आदीचा गेला, मग ह्यो आनला. ह्यो लई म्हातारा न्हाई."

मी काय म्हणालो असेन? "मामी, तुम्हाला नाही कळायचं. ब्रीडचा प्रश्न असतो तो." ब्रीड. हा शब्द त्यांना कळणार नाही म्हणूनच मी तो वापरला. त्यांनी पदरानं मोतीचं तोंड पुसलं आणि वाटी घेऊन आत गेल्या. नंतर आतून मामांचा आवाज आला, "तुला काय कळतंय? पोरगं शिकतंय त्येच."

तुम्ही म्हणाल, मामांना तरी ठाऊक असेलच की. असणारच. पिल्लू त्यांनीच आणलं होतं. पण त्यांनी त्याचं वय कधी मोजलं नव्हतं, आणि माझ्या शब्दापुढं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं बाजूला ठेवलं. माझ्यासाठी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा टेम्पो आला. तो रोज केडगावला जायचा, आणि तिथं जनावरांचे डॉक्टर होते. ड्रायव्हरनं मोतीकडं पाहून हाक दिली, "काय मामा, टाकायचं का पाव्हन्याला मागं? आज क्यान कमी हायती. गप झोपला तर तिकीट बी न्हाई घेत." मामा हसले आणि माझ्याकडं वळले. मामी दारात उभ्या होत्या. तात्याही होते. सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते.

कसला विचार करत होतो मी? मी स्वतःला हे पुष्कळदा विचारलंय. काल दात पाहिले, माझं चुकलं – एवढंच तर म्हणायचं होतं. कुणी मारणार नव्हतं. तात्या फार तर हसले असते, चार दिवस थट्टा झाली असती. मी म्हणालो, "नको. उगाच हाल होतील त्याचे. शांतपणे जाऊ दे."

शांतपणे – हा शब्द मला कुठून सुचला? तो शांतपणे गेला नाही. दिवसभर धापा टाकत होता. पाणी जवळ सरकवलं की जीभ लावायचा आणि मान खाली टाकायचा. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला संपला. मामांनी त्याला उसाच्या बांधाला पुरलं. येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं तू व्हतास. न्हायतर जिवाला लागून ऱ्हायलं असतं."

आता मी एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्रच. गोचिडांतून रक्तात जाणारे रोग आम्हाला अभ्यासाला आहेत. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर पुष्कळ कुत्री वाचतात. मोतीला तेच झालं होतं का, मला माहीत नाही. कुणी तपासलंच नाही. तपासू मीच दिलं नाही. मोठी कुत्री लवकर का मरतात, ती लवकर वाढतात म्हणून की आणखी काही, याचं पक्कं उत्तर आमच्या सरांनाही देता येत नाही. मला ते अजून शोधावंसं वाटतं. वर्गात कुणी हा प्रश्न काढला की माझे कान टवकारतात, आणि पाठोपाठ ती पांढरी हिरडी दिसते.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात मामा भेटले. पंगत उठल्यावर सगळे मांडवात टेकले होते. एका पाहुण्यांचं कुत्रं आजारी होतं. मामांनी मोठ्या अभिमानानं त्यांना माझ्यापुढं बसवलं, "ह्यास्नी इचारा, कुत्र्याचं आयुष्य तोंडपाठ हाय." मी त्या पाहुण्यांना सांगितलं, वय कितीही असू दे, आजच डॉक्टरला दाखवा, उशीर करू नका.

मामा म्हणाले, "मोतीच्या वक्ताला तर तू नको म्हन्लास."

रागानं नव्हे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. शेजारी मामी पानाला चुना लावत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. एवढा वेळ मला मिळाला होता – खरं सांगायला पुरे होईल एवढा.

मी म्हणालो, "मामा, त्याचं वय झालं होतं."

मामांनी मान डोलावली. मामींनी पान दुमडलं आणि त्यांच्या हातात दिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

मोतीचं वय झालं नव्हतं. तो तीन वर्षांचा असेल, फार तर चार. त्याच्या तोंडात हात घालून हे मी पाहिलं होतं, टेम्पो यायच्या आदल्या दिवशीच.