पप्पांनी आखलेला रस्ता

मी स्कॉटलंडला शिकायला जायचं नक्की झालं, तेव्हा आष्टीच्या घरी सगळे जमले होते. विषय मृदाशास्त्र. म्हणजे माती. मोठे काका म्हणाले, "मातीच शिकायची तर आष्टीत काय कमी पडली का? ये म्हणावं शेतात, फुकटात शिकवतो." सगळे हसले. आत्या तेवढी हसली नाही. "हसू नका. तिकडून शिकून आली की हिच्याहून शिकलेला पोरगा लागल. आणता कुठून? आधी लगीन करा, मंग कुठं पाठवायचं तिथं पाठवा."

मी दारात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते. पप्पा जालन्याला शाळेत भूगोल शिकवायचे, पण मोठ्या भावापुढे त्यांचं तोंड सहसा उघडत नसे. त्या दिवशी उघडलं. "शिकणं पुरं होईस्तोवर तिच्या लग्नाचं नाव कुणी काढायचं न्हाई. मी शब्द देतो." आत्यानं तोंड फिरवलं. काकांनी कप उचलला आणि विषय संपला.

मला त्या घरात 'मॅडम' म्हणत. जालन्यात इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातल्यामुळे मला ते नाव मिळालं होतं. शाळेत माझं इंग्लिश कच्चं वाटायचं आणि गावात माझं मराठी, म्हणून मी दोन्हीकडे कमीच बोलायचे. पप्पांशी मात्र बोलायचे. जुन्या जालन्यातल्या बाजारातून त्यांच्या स्कूटरवर मागे बसून येताना ते मला नद्या सांगत, खडक सांगत. हॉर्न वाजवत, रिक्षावाल्यांना शिव्या देत, मध्येच मान वळवून म्हणत, "आपल्याकडं बेसाल्ट, आयर्लंडच्या वरच्या टोकालाबी बेसाल्ट. बघ, कुठं जालना, कुठं आयर्लंड!" मला त्या घरातलं एकच माणूस आपलं वाटायचं. ते हे.

तिकडे गेल्यावर दर रविवारी फोन असायचा. आई दोन मिनिटं बोलायची. जेवलीस का, थंडी किती आहे, केसांना तेल लावतेस का. मग पप्पा. ते प्रयोगशाळेतल्या मातीच्या नमुन्यांबद्दल विचारायचे, समुद्राचा रंग विचारायचे, सूर्य किती वाजता मावळतो ते विचारायचे आणि दर वेळी चकित व्हायचे.

वसंतातली सुट्टी जवळ आली तसे ते या फोनमध्ये रमले. माझी केरळची रूममेट आणि मी मिळून फिरायला जाणार होतो. पप्पांनी जालन्यात बसून रस्ता आखला. उत्तरेला इनव्हर्नेस, तिथून फोर्ट विल्यम, ग्लेन्को, ओबन. मग खाली येऊन बोटीनं बेलफास्ट, बसनं डब्लिन, आणि शेवटी पश्चिमेला बरेन. "बरेनचं चुनखडीचं पठार बघितल्याशिवाय माघारी यायचं न्हाई. आन डब्लिनला आमच्या शाळेतल्या सरांची बहीण राहते. तिच्याकडं एक वेळ जेवून ये. तेवढंच घरचं अन्न." आयर्लंडचा व्हिसा वेगळा लागायचा. त्याची मला भीती वाटत होती, पण त्या बाईंनी बोलावणं पाठवलं आणि तो सहज मिळाला. रूममेट म्हणाली, "तुझे वडील ग्रेट आहेत. माझे तर मी कुठे आहे एवढंच विचारतात." मला अभिमान वाटला. ती ऐकत असताना मी फोनवर मुद्दाम जास्त वेळ बोलले.

निघायच्या आदल्या रविवारी पप्पा म्हणाले, "एक काम कर बाई. आत्या म्हणून राह्यली, पोरगी तिकडं जाऊन साडी विसरली असल. एक फोटो पाठव साडीतला. पूर्ण उभा. तिचं तोंड बंद करू."

पूर्ण उभा फोटो कशासाठी मागतात हे आमच्याकडच्या कुठल्याही मुलीला कळतं. आईनं मागितला असता तर मी सावध झाले असते. पण पप्पांनी मागितला होता, आणि आत्याविरुद्ध आम्ही दोघं एका बाजूला होतो. मी निळी साडी बॅगेत टाकली.

इनव्हर्नेसहून खाली येताना पाणी आणि डोंगर यांच्यामधून बस जात होती. मी काच पुसून पुसून बघत होते. ग्लेन्कोला आम्ही उतरलो. पायाखालची जमीन काळी, स्पंजासारखी होती. हजारो वर्षं न कुजलेलं गवत. तिथले लोक ती जमीन कापून, वाळवून चुलीत घालत असत. आमच्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ही काळी माती कधी सुकतच नव्हती. मी मूठभर हातात घेतली आणि पिळली. पाणी निथळलं. हे पप्पांना सांगायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

ओबनला धक्क्यावर मी साडी नेसले. म्हणजे लॉजवर नेसून, वर कोट चढवून धक्क्यापर्यंत गेले आणि तिथे कोट काढला. वारा असा की पदर माझ्या तोंडावरच. रूममेट ओरडत होती, "हस! हस! मी बर्फ होतेय!" मासे विकणारा एक म्हातारा कामं सोडून बघत उभा राहिला. शेवटी पदर मुठीत धरून एक फोटो जमला. मी तो लगेच इंटरनेट कॅफेतून पाठवून दिला. पप्पांनी जालन्यात प्रिंट काढून घेतली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. "लई छान आला. आत्या गप झाली." आम्ही दोघंही हसलो.

डब्लिनला दुपारी पोचलो. घर शहराबाहेरच्या वस्तीत होतं, सगळी घरं सारखी, दारांचे रंग वेगळे. सरांची बहीण, जिला मी मावशी म्हणू लागले, मूळची जाफराबादची. तिनं दार उघडलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "ये बाई. किती वाळलीस ग. फोटोत भरल्यासारखी दिसत होती." मला ते ऐकू आलं, पण बसच्या प्रवासानं डोकं हलत होतं आणि आतून फोडणीचा वास येत होता. कितीतरी महिन्यांनी. मी बूट काढले आणि आत गेले.

जेवायला बोलावलं होतं, पण आधी पोहे आले. मग शिरा. मग चिवडा. मावशींचे यजमान समोरच्या खुर्चीत हातांची घडी घालून बसले होते. त्यांनी मला मामांचं गाव विचारलं, आईचं माहेरचं आडनाव विचारलं. रूममेट चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन शांतपणे खात होती. वरून त्यांचा मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले. तो समोर बसला आणि बराच वेळ बशीकडे बघत राहिला. मग इंग्लिशमध्ये म्हणाला, "ओबनला वारा फार होता वाटतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"नाही, तो पदर..." तो थांबला आणि आईकडे बघायला लागला.

मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "तुमचं देवक कळंबच ना ग? तुझे पप्पा फोनवर म्हणाले, पण यांना खात्री करून घ्यायची सवय. आमचं पंचपल्लव. म्हणजे अडचण काहीच न्हाई."

माझ्या हातातली बशी हातातच राहिली. देवक म्हणजे कुळाचं चिन्ह. एखादं झाड, पालवी, पीस. दोन घरांचं देवक एकच असलं तर ती भावकी धरतात, आणि लग्न होत नाही. देवक विचारायला दुसरं कारण नसतं. पाहुण्याला कुणी चहाबरोबर देवक विचारत नाही. मला माझं देवक सातवी-आठवीत कळलं होतं, तेही एका चुलतबहिणीचं लग्न ठरताना.

आता मला सगळं नीट दिसलं. पोहे दिसले, इस्त्रीचा शर्ट दिसला. ओबनचा वारा दिसला.

मावशींनी देव्हाऱ्यापासून ताट आणलं. हळदकुंकू, खण आणि त्यावर नारळ. डब्लिनमध्ये तो कुठून शोधून आणला असेल कोण जाणे, शेंडी मात्र नीट ठेवलेली होती. रूममेट माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आज तुझा वाढदिवस आहे?"

मी उभी राहिले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा बोलावं लागलं. "मावशी, मला कुणी सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतं?"

"हे."

त्या ताट धरून तशाच उभ्या राहिल्या. "असं कसं? तुझे पप्पा तर म्हणाले, पोरगी तयार हाय. तिलाच यायचंय म्हणून येऊन राह्यली."

मग त्यांनी ताट हळूच टेबलावर ठेवलं आणि नारळावर खणाचं टोक ओढून घेतलं, जणू तो उघडा पडला होता. मुलगा म्हणाला, "सॉरी. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." त्याचा चेहरा लाल झाला होता. मला त्या तिघांचा राग आला नाही. त्यांनी आम्हाला जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना सगळे हवामानावर बोलले. मुलानं आम्हाला गाडीनं बस स्थानकावर सोडलं आणि रूममेटच्या हातात उरलेल्या चिवड्याची पिशवी दिली.

स्थानकावरूनच मी फोन लावला.

"पोचली का बाई? जेवली का बराबर?"

"पप्पा, त्यांनी देवक विचारलं."

मागे टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. त्यांनी आवाज कमी केला नाही.

"विचारलं असल. मोठी माणसं हायेत."

"तुम्ही त्यांना सांगितलं, मी तयार आहे."

"तयार न्हाई म्हणलो असतो तर त्यांनी बोलावलं असतं का? हे बघ, लग्न लावलं का कुणी तुझं? नुसतं बघितलं. बघून ठेवायला काय हरकत हाय? असं स्थळ आपल्याकडं जल्दी येतं का? तुला आधी विचारलं असतं तर तू हो म्हणली असती?"

"नाही."

"मंग?"

आत्यानं हे केलं असतं तर मी तिच्याशी भांडले असते. ती निदान सगळ्यांसमोर बोलली होती.

"आयर्लंडला जा म्हणून तुम्ही किती मागे लागला होता," मी म्हणाले. "ते चुनखडीचं पठार."

"अग, ते खरंच बघण्यासारखं हाय!" त्यांचा आवाज एकदम उजळला. "त्यात काय खोटं? दगडाच्या भेगांत फुलं उगवतात तिथं. बघशील तर. रविवारी सांग मला."

मी फोन ठेवला. ते सगळंच खोटं बोलले असते तर सोपं झालं असतं. पण त्यांना ती फुलं खरोखरच हवी होती. सूर्य कधी मावळतो ते त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. कुठला प्रश्न माझ्यासाठी होता आणि कुठला त्या घरासाठी, हे मला आता निवडता येत नव्हतं. मागच्या साऱ्या रविवारांतूनही नाही.

आम्ही बरेनला गेलो. मला जायचं नव्हतं, पण रूममेटनं तिकिटं काढली होती. करडा दगड, क्षितिजापर्यंत फरसबंदी केल्यासारखा. त्यात खोल चिरा. चिरेत हात घातला की आत ओल लागायची, चिमूटभर काळी माती लागायची, आणि तेवढ्या मातीवर निळी फुलं आली होती, इतकी गडद की जवळ गेल्याशिवाय ती निळी वाटत नव्हती. जालन्यात खडकावर काही उगवत नाही असं पप्पांनी मला शिकवलं होतं, आणि इथे उगवलं होतं. मी दगडावर पालथी पडून त्या चिरेत बघत राहिले. रूममेटनं विचारलं, "काय आहे एवढं?" मी तिला सगळं सांगितलं. चुनखडी पाण्यात कशी विरते, माती कुठून येते, मुळं किती खोल जातात. मी इतकं सलग बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी फोन आला. आई नेहमीप्रमाणे आधी बोलली. मग पप्पांनी रिसीव्हर घेतला. डब्लिनचं नाव त्यांनी काढलं नाही.

"हां, सांग. बघितलं का बरेन?"

"हो."

"कसं हाय?"

"दगड आहेत."

"नुसते दगड? फुलं?"

"नाही दिसली."

ते थांबले. काहीतरी पुढं येईल म्हणून ते वाट बघत होते, वर्गात मुलाला आठवावं म्हणून मास्तर थांबतात तसे.

"आईला द्या फोन," मी म्हणाले.