पारोशी पूजा

देवावर रुसायलासुद्धा अंगात बळ लागतं, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. साध्या तापाचं निमित्त झालं. ताप उतरला, पण थकवा म्हणून जो राहिला तो हलेना. धायरीतल्या आमच्या घरात मी दिवसदिवस पडून असे. झोपून उठलं तरी तसंच, आणि पाच मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. बावीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं, तेही उभ्यानं. बसून शिकवणाऱ्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवायची. आता भाजी निवडताना पाठीला भिंत लागे. तपासण्या सगळ्या चांगल्या येत आणि नातेवाईक म्हणत, जरा फिरायला जात जा. शेवटी एका डॉक्टरांनी हा दीर्घ थकव्याचा आजार असल्याचं सांगितलं. मी उभी राहिले की रक्त पायांत साचतं, डोक्याकडे पुरेसं जात नाही, म्हणून त्यांनी मांडीपर्यंत येणारे घट्ट दाबाचे मोजे लिहून दिले. थकवा यानं जाणार नाही, पण उभं राहणं जमेल, असं म्हणाले. शाळेनं माझी रजा जूनपर्यंत वाढवली होती. त्यापुढे जागा ठेवता येणार नाही, हे मुख्याध्यापिकांनी फोनवर फार हळू आवाजात सांगितलं.

मोजे सकाळी घालायचे, असं चिठ्ठीवर होतं, आणि मी ते मनापासून पाळलं. फक्त आमच्या घरात सकाळ अंघोळीनंतर सुरू होते. उठायचं, अंघोळ करायची, मग देवपूजा, आणि त्यानंतर बाकी सगळं. पारोशानं देवाला हात लावायचा नाही आणि पायांत मोजे घालून देव्हाऱ्यापुढे जायचं नाही, हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्या आज नाहीत, पण त्यांचा नियम मी त्यांच्याहून कडक केला. गंध उगाळता उगाळता घाम फुटायचा, आरतीला भिंत धरावी लागायची. पूजा आटोपून पलंगाच्या काठावर बसून मोजे चढवायचे आणि दिवसभर निपचित पडायचं. हे म्हणत, पूजा मी करतो. मी म्हणे, एवढं तरी माझ्या हातून होऊ दे. तीन महिने मोज्यांचा गुण नाही. मग मनात यायला लागलं, की दिवसातलं पहिलं बळ मी या देवाला देते आणि हा मला काहीच परत देत नाही.

एप्रिलातल्या एका गुरुवारी मी राजीनामा लिहिला. तो आधी दत्तापुढे ठेवायचा आणि मग शाळेत द्यायचा, असं ठरवलं. आमचं नेहमीचं देऊळ रंगकामासाठी बंद होतं, म्हणून यांनी गाडी कर्वेनगरकडे वळवली. तिथल्या दत्तमंदिरात याआधी आम्ही कधी गेलो नव्हतो. हे गाडी लावायला गेले, मी रांगेत उभी राहिले. गाभाऱ्यापासून चार पावलांवर कानांत शिट्टी वाजली आणि फरशी वर आली.

डोळे उघडले तेव्हा मी आडवी होते आणि माझे पाय कुणीतरी ओट्यावर उचलून ठेवले होते, थेट देवाच्या दिशेनं. बायका कुजबुजत होत्या. पाय धरून बसलेली बाई सत्तरीची असेल, पांढरे आखूड केस, साधी सुती साडी. ती त्यांना शांतपणे म्हणाली, "असू दे. त्यानं काय कमी पाय पाहिलेत?" मग माझ्या घोट्यावरचा मोजा चाचपत तिनं मला विचारलं, हे कधी घालता. मी सांगितलं. अंघोळ, पूजा, मग मोजे.

"म्हणजे पायांत रक्त साचून झाल्यावर," ती म्हणाली. "अहो, हे अंथरुणात, पडल्यापडल्या घालायचे. पाय जमिनीला लागायच्या आधी. अंघोळ संध्याकाळी, बसून."

"पण मग पारोशी पूजा?"

"देवाला पारोशी चालत नाही, आणि घेरी येऊन पडलेली चालते?"

तिनं माझा घसरलेला मोजा नीट वर ओढला. मग आवाज उतरवून म्हणाली, "जमिनीवर पाय ठेवण्याआधी तिची क्षमा मागता ना? ती प्रार्थना म्हणत म्हणत मोजे चढवा. तीच पहिली पूजा."

आयुष्यभर वॉर्डात उभं राहून नोकरी केली, स्वतःही हे मोजे वापरले, एवढंच तिनं स्वतःबद्दल सांगितलं. हे आले, माझ्यासाठी पाणी आणायला वळले, आणि तेवढ्यात ती उठून गेली. पुढे चार गुरुवार आम्ही तिथे गेलो. पुजाऱ्यांना विचारलं, त्यांना अशी कुणी बाई आठवेना. देवळात शेकडो माणसं येतात, तेही खरंच. ती कोण होती याचा निकाल मी लावत बसले नाही.

देवळात घेरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी पडल्यापडल्या भूमीची क्षमा मागितली. लहानपणापासून तोंडपाठ असलेले ते शब्द म्हणायला मला त्या दिवशी पाव तास लागला, कारण मोजे सहज चढत नाहीत. मग उठले. पारोशी, मोज्यांसकट देवापुढे गेले. गंध लावलं, फुलं वाहिली, निरांजन ओवाळलं. आरती संपली तेव्हा लक्षात आलं की मी भिंत धरलेली नाही. समोर तोच देव्हारा, त्याच मूर्ती, पण आपण कुणाच्या तरी फार मोठ्या दृष्टीखाली उभ्या आहोत असं वाटून माझ्या अंगावर काटा आला. मी ज्याच्यावर रुसले होते त्यानं माझ्याकडे बळ मागितलंच नव्हतं. मीच ते हट्टानं देत होते आणि त्याला हिशेब विचारत होते. मी खूप रडले. त्या सकाळी राजीनामा फाडला.

आजार गेलेला नाही. आठवड्यातले दोन दिवस अजून अंथरुणातच जातात, आणि त्या दिवशी पूजा हे करतात. पण जूनमध्ये मी शाळेत गेले, अर्ध्या वेळेसाठी. प्रार्थनेला उभी राहिले, फळ्यावर पहिलं उदाहरण सोडवलं. पायांतून पहिली सूचना येताच मी थांबले आणि वर्गाला म्हणाले, "मुलांनो, मला खुर्ची लागेल." बावीस वर्षांत मी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. खुर्ची आली. मी बसले, आणि उरलेला तास शिकवला.