बाबांना पसंत पडलेला घाट

गेम खेळते असं सांगितलं की चाळिशीतल्या बाईकडे लोक ज्या नजरेनं बघतात, ती मला आता पाठ झाली आहे. "मुलांसाठी घेतलाय का?" मला मुलं नाहीत. "मग एवढा वेळ मिळतो कसा?" तुम्हाला मालिकेतल्या सासूला शिव्या घालायला मिळतो, तसाच. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर नमुने तपासते. संध्याकाळी घरी येते, पाय धुते, चहा टाकते आणि टीव्हीला जोडलेला तो काळा डबा सुरू करून दुसऱ्या मुलखात निघून जाते.

गोष्ट नेहमीचीच आहे. तलवारी, जादू, राक्षस आणि गादीवरून हाकललेला एक राजा. त्याला गादी परत मिळवून देणं हे माझं काम. तीन वर्षं झाली, राजा अजून वाट बघत बसला आहे, कारण मला लढाईपेक्षा भटकण्यात जास्त रस. घोडा घ्यायचा, वाट सोडायची आणि डोंगरामागे काय आहे ते बघायचं. ज्या कोणी हा मुलूख रचला त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. जिथे कुणी फिरकणारही नाही अशा कोपऱ्यातल्या दगडाला सावलीच्या बाजूनं शेवाळ आहे आणि उन्हाच्या बाजूनं नाही. एवढं करायला त्यांना कुणी सांगितलं होतं?

दक्षिणेला दलदल आहे. तिथे जमिनीतून गरम पाणी वर येतं आणि सकाळी वाफेत दहा पावलांवरचं दिसत नाही. पहिल्यांदा पोचले तेव्हा मला महाडजवळचे सवचे गरम झरे आठवले. लहानपणी अंगाला खाज सुटली की आई आम्हाला तिथे नेऊन बुचकळून काढायची. गेममधल्या पाण्यात उतरलं की जखमा भरतात, म्हणजे गरम पाण्यावर तिकडच्या लोकांचाही विश्वास असावा. पूर्वेला एक उंच पठार आणि त्यावर पडका किल्ला. वर जायला पायऱ्या नाहीत, कातळाला धरून चढायचं. माथ्यावर ढग पायाखाली येतात आणि वारा असा सुटतो की घोडासुद्धा तोंड फिरवतो. ते पठार माझं सगळ्यात लाडकं होतं. सुट्टीच्या दिवशी मी नुसतीच वर जाऊन बसायची.

होतं म्हणते, कारण मागच्या एप्रिलमध्ये बाबा माझ्याकडे राहायला आले आणि माझी आवड त्यांनी बदलून टाकली.

बाबा मैलकुली होते. हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, म्हणून सांगते. सरकारी रस्त्याचा ठरावीक तुकडा एकेका माणसाच्या हाती असायचा. गटारं उपसायची, रस्त्याखालच्या मोऱ्यांत अडकलेला पालापाचोळा काढायचा, खड्डे बुजवायचे, दरड आली की दगड बाजूला सारायचे. बाबांकडे पोलादपूरहून वर महाबळेश्वरकडे जाणाऱ्या घाटाचा तुकडा होता. नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी तो राखला. त्या घाटातून जाताना लोक दरी बघतात, बाबा अजून गटार बघतात.

आमचं घर कापडे गावाच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या नऊ घरांच्या वाडीत. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटे. ते माझ्याकडे आले त्याच्या आदल्या पावसाळ्यात वाडीच्या वरच्या उताराला भेग पडली. अधिकारी आले, टेप लावून गेले आणि वाडी रिकामी करा अशी नोटीस आली. खाली गावात राहायची सोयही झाली. बाबा गेले नाहीत. "जमीन हाय ती, फाटायचीच," एवढंच म्हणाले. आणि ते गेले नाहीत म्हणून कुणीच गेलं नाही. ज्यानं जन्मभर घाट राखला तो माणूस खुशाल घरात बसलाय, मग आपल्याला काय होतंय, असं सगळी वाडी म्हणायला लागली. मी फोनवर भांडले, रडले, एकदा तर पंधरा दिवस बोललेच नाही. डोंगर खाली आला की काय होतं, हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पुढचा पाऊस लागायच्या आत त्यांना तिथून बाहेर काढायचंच, असं मी ठरवलं होतं. महाडला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेऊ म्हटलं, ते त्यासाठीच.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली, काळा चष्मा आला आणि आठवड्याभरात बाबा कंटाळले. एका संध्याकाळी मी खेळत असताना मागच्या कॉटवर येऊन बसले.

"ह्ये काय गो? पिक्चर हाय?"

"गेम आहे. त्या माणसाला मी चालवते."

"कुठं चाललाय त्यो?"

"कुठंच नाही. फिरतोय."

हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून ते चहाचा कप घेऊन आधीच येऊन बसायला लागले, आणि माझ्या लाडक्या मुलखाची चिरफाड सुरू झाली. पठारावरच्या किल्ल्यात पोचलो तर म्हणाले, "हितं ताक घेऊन कोण बसत नाय? गडाखाली हिरकणीवाडीला तर ताकवाल्या पायरी चढायच्या आधीच गाठतात." राजधानीच्या सपाट, फरसबंद रस्त्यावर त्यांनी मला घोडा थांबवायला लावला. दोन्ही कडा बघितल्या आणि म्हणाले, "गटारच नाय. दोन पावसात चिखल. राजाला हाकलला त्ये बरोबर केलं." मी इतकी हसले की राक्षसानं येऊन मला मारलं.

उत्तरेकडे मी फारशी जात नसे. तिकडे सतत पाऊस, धुकं आणि हाती लागण्यासारखं काही नाही. एका संध्याकाळी लांबून तिथल्या डोंगरावर नागमोडी रेघ दिसली आणि बाबा म्हणाले, "त्या घाटात ने."

नेलं. पहिल्याच वळणावर ते कॉटवरून उठून टीव्हीपाशी आले. रस्त्याला डोंगराकडून गटार होतं. जिथे ओहोळ रस्ता ओलांडायचा, तिथे खाली दगडी मोरी होती. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला होता. "खाली उतर. मोरीत बग," बाबा म्हणाले. मग माझा सोनेरी चिलखतवाला वीर मोरीत रांगत शिरला. आत वरच्या तोंडाशी काटक्या आणि पानं अडकली होती, आणि भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होती.

बाबांनी पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ज्यानं ह्ये केलंय ना, त्यानं कवातरी मोरी साफ केलीय." जन्मभरात एकाही साहेबाविषयी मी त्यांना इतक्या आदरानं बोलताना ऐकलं नव्हतं.

पुढच्या पाच संध्याकाळी आम्ही तो घाट चाललो. चालत, कारण घोड्यावरनं गटार दिसत नाय. कुठे कठडा खचू शकेल, कुठला दगड नुसता टेकलाय, कुठल्या वळणावर पाणी रस्त्यावर येईल, ते बाबा सांगत जायचे आणि मी थांबत जायची. ज्या प्रदेशाला मी तीन वर्षं नावं ठेवली, तो या जगातला सगळ्यात सुंदर प्रदेश आहे हे मला तेव्हा दिसलं. आणि दुसरंही एक दिसलं. शाळेत असताना एसटीतून जाताना घाटात बाबा घमेलं घेऊन उभे दिसले की मी मैत्रिणींच्या देखत तोंड वळवून घ्यायची. ते काय करत होते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्याची मला खूप लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली नाही.

घाट उतरला की एक गाव लागतं. दहा-बारा घरं, धुरांडी, कोंबड्या, एक दुकान. मी तिथे बाण विकत घेऊन पुढे जायची. त्या दिवशी बाबांनी मला गावात शिरूच दिलं नाही.

"ती झाडं बग," गावावरच्या उताराकडे बोट दाखवत ते म्हणाले. झाडं बुंध्याशी खालच्या बाजूला वाकून मग वर गेली होती. "डोंगर खाली सरकतोय. झाड वाकतं, मंग परत सरळ व्हायला बगतं. आनी त्यो झरा बग. पाणी लाल हाय. पोटातली माती येतेय." त्यांनी काळा चष्मा काढला. "ही मानसं हितं कशी काय र्‍हातात? सांग त्यांना."

"त्यांना सांगता येत नाही, बाबा. ती फक्त ठरलेलं बोलतात."

"इचारून तर बग."

मी घरोघर गेले. लोहार म्हणाला, हवा खराब आहे. म्हातारी म्हणाली, लांडग्यांपासून जप. दुकानदाराशी बोलायचे तीनच प्रकार होते: घ्यायचं, विकायचं, निघायचं. बाबांनी दोनदा सगळ्या घरांची दारं वाजवायला लावली.

"मंग वाट अडव," ते म्हणाले.

घाटात उतार हलायला लागला की खात्याची गाडी येईपर्यंत मैलकुली रस्त्यावर आडवे दगड मांडतो आणि मधे हिरवी फांदी रोवतो. ती बघून ड्रायव्हर थांबतो. माझ्या वीराच्या पिशवीत दगड नव्हते. म्हणून मी गावाच्या तोंडाशी सलगम, फुटक्या ढाली, दोन शिरस्त्राणं आणि सरपणाची मोळी आडवी टाकली. रांग वाकडी झाली तर बाबांनी ती सरळ करायला लावली. मग आम्ही बघत बसलो. गावकरी टोपल्या घेऊन आले आणि रांगेवरून चालत निघून गेले. एक कोंबडी तेवढी अडली.

"गेममध्ये दरड पडत नाही, बाबा," मी म्हणाले. "तशी सोयच केलेली नाही. ती माणसं कायम तिथेच राहणार."

"पडतच नाय?"

"नाही."

"मंग त्यांचं भागलं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तोंडाला लगाम घालणं मला कधी जमलेलं नाही. "आणि तुमचं?" मी म्हणाले.

बाबा उठून गॅलरीत गेले. त्या संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवसभर बोलले नाहीत. मी डोळ्यात थेंब टाकायला गेले की हनुवटी वर करायचे, तेवढाच काय तो संबंध. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते कपडे करून, पिशवी भरून दाराशी बसलेले.

"घरी जातो," ते म्हणाले.

मी हरले, असं मला वाटलं. कामावर फोन करून रजा सांगितली आणि त्यांच्याबरोबर निघाले. पोलादपूरपर्यंत एसटी, तिथून कापड्याची गाडी आणि पुढे पायी. वाडीत पोचल्यावर त्यांनी घराचं कुलूप काढलं नाही. पिशवी ओट्यावर ठेवली आणि घरामागून सरळ वर चढायला लागले.

भेग होती तिथेच होती, वाळलेल्या गवतात आडवी. बाबा तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग खाली बसले आणि हातातली काठी आत सोडली. काठी मुठीपर्यंत गेली. परत येताना आमच्या परसातल्या दगडी बांधापाशी थांबले. तो त्यांनी स्वतः रचलेला. आता मधोमध फुगून त्यानं पोट काढलं होतं. बाबांनी त्यावर तळवा ठेवला.

"मला दिसलंच नाय गो," ते म्हणाले. "भेग दाखवायला न्हेलं तवा नुसतं धुरकट दिसायचं. दिसत नाय असं कसं सांगायचं? मैलकुली ना मी. म्हनून बोललो, काय नाय."

मी रडायला लागले. इतके महिने मी ज्याला हट्ट समजून भांडत होते, ते हे होतं.

मे महिना होता, शाकारणीचे दिवस. पावसाआधी कौलं काढून, फुटकी बदलून पुन्हा रचायची म्हणून वाडीत घराघरांच्या छपरावर माणसं चढलेली होती. बाबांनी ओट्यावरची शिडी आणून आमच्या घराला लावली. डॉक्टरांनी त्यांना शिडी चढायला मनाई केली होती, म्हणून मी चढले. मी एकेक कौल काढून खाली द्यायची आणि बाबा ते हातात घेऊन भिंतीपाशी रचायचे. तीन ओळी उतरल्या तशी शेजारच्या छपरावरून हाक आली, "काय काका, शाकारणी लेकीकडनं करून घेताय?"

"शाकारत नाय रे, उतरवतोय," बाबा म्हणाले. "घर सोडतोय मी."

पलीकडचे हात थांबले. त्याच्या पलीकडच्या छपरावरचेही थांबले.

"डोंगर हलतोय. मी चुकीचं सांगितलं होतं तुमाला." बाबांनी माझ्या हातातलं कौल घेतलं आणि शेजारच्या छपरावरच्या माणसाकडे वर बघितलं. "तुजी कवा उतरवायची, त्ये बोल. मी हाय खाली धरायला."