चर्चमधली विधवा

१९३५ साली शिकागोत विद्यापीठाच्या पाहणीसाठी मी आमच्या काळ्या वस्तीत घरोघर माहिती लिहून घेत होतो. ल्युव्हिनिया मावशी लोकांचे कपडे धुऊन चार मुलं वाढवत होती. नवरा तिला सोडून डेट्रॉइटला गेला होता, हे मला ठाऊक होतं.

"विधवा लिही," ती इस्त्री न थांबवता म्हणाली.

"मावशी, तुला धरून या गल्लीत नऊ जणींनी विधवाच लिहायला सांगितलं. आपले पुरुष रक्तानेच कमजोर, म्हणून लवकर मरतात, असं गोरे डॉक्टर लिहितात. त्यांना आयता पुरावा मिळेल."

"आणि टाकलेली लिहिलंस तर? म्हणतील, यांना संसार करता येत नाही."

"म्हणून कारणही लिहितो. का गेला?"

तिने इस्त्री चुलीवर ठेवली. "मंदी आली तसं कत्तलखान्यातून आधी काळ्यांना काढलं. सात महिने रिकामा बसला. माझ्या कमाईची भाकरी त्याच्या घशाखाली उतरेना."

मी तसंच लिहिलं.

"माझं नाव छापशील?"

"नावं छापत नाहीत."

"मग राहू दे. पण चर्चमध्ये मी विधवाच आहे. तिथे तोंड उघडलंस, तर तुझे शर्ट तूच धू, शहाण्या!"

पुढे वीस वर्षं दर रविवारी चर्चला जाताना तिने विधवेची काळी टोपी घातली. माझे शर्टही तिनेच धुतले.