मुंबईला पोचल्याची तार

आमच्या साखरा गावाहून हिंगोली गाठायला बैलगाडीला अख्खा दिवस लागला. अन् हैदराबादेहून मुंबई? दळण दळावं, भाकऱ्या थापाव्यात, रानात न्याहारी पोचवावी, तेवढ्यात आली! मी स्वतः गेले म्हणून सांगते, न्हाईतर मलाही खोटंच वाटलं असतं.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. माझ्या तान्ह्या लेकीच्या श्वासनळीत चिंचोका अडकला. मी अन् मालक तिला घेऊन हैदराबादेला गेलो. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, तो काढायचं साधन मुंबईत आहे, पण रेल्वेच्या प्रवासात लेकरू टिकायचं न्हाई. आमच्या गावचे देशमुख त्यांच्या कामासाठी तिथूनच विमानानं मुंबईला निघाले होते. त्यांनी आपल्या सोबत्याला उतरवलं अन् मला म्हणाले, "सूनबाई, तुमी बसा लेकराला घेऊन. हा येईल तुमच्या मालकासंगं रेल्वेनं." त्या माणसाचे उपकार सात जन्मांत फिटायचे न्हाईत.

खाली ढग होते म्हणे. मी काय ढग बघू, कपाळ! लेकीची छाती वरखाली होते का, तेवढंच बघत होते. त्याच दिवशी दवाखान्यात चिंचोका निघाला अन् ती अशी रडली की मला हसू फुटलं. देशमुखांनी लगेच आमच्या घरी तार केली: सुखरूप पोचलो, लेकरू बरं आहे.

घरी होत्या माझ्या सासूबाई. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कोपऱ्यात काडी दिसली की त्या माझ्या माहेरचा उद्धार करायच्या. पण गावाला गेलेलं माणूस मुक्कामी पोचेपर्यंत घर झाडायचं न्हाई, हा त्यांचा नेम. शाळेच्या मास्तरांनी तार वाचून दाखवली तर त्या त्यांच्यावरच उखडल्या. "काल हैदराबादेत अन् आज मुंबईत? गरुडावर बसून गेली का? तार कधी चांगल्यापायी येती का? लेकरू गेलं माझं, अन् तुमी लपवून राहिले!" जाऊबाईनं केरसुणीला हात लावला, तर तिच्या हातातून हिसकावून घेतली.

लेक चांगली सावरल्यावर आम्ही परतलो. उंबरठ्यातच मी थबकले. ओसरीवर धूळ, कोंबड्यांची घाण, चुलीपुढं राखेचा ढीग. मला वाटलं, म्हातारीनं अंथरूण धरलं.

"आत्याबाई, काहून झाडलं न्हाई?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी लेकीला माझ्या कडेवरून ओढून घेतलं, तिच्या छातीला कान लावला अन् बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. लेक त्यांचे केस ओढत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईच्या पाया मनापासून पडले.

त्यांनी लेकीला माझ्याकडं दिलं, पदरानं डोळे पुसले अन् दाराआडची केरसुणी काढली.

"सरक तिकडं," त्या म्हणाल्या. "आता पोचलं माझं लेकरू."